कविताचं माप

मागच्या सोमवारी दुकानात दोघी मायलेकी आल्या... तेव्हापासून मशीनवर बसलं की त्याच आठवतात.

महागावात माझं लेडीज टेलरिंगचं छोटं दुकान आहे; सगळ्या मला आपा म्हणतात. जवळच्या तांड्यावरून कमलाबाई मुलीला घेऊन आल्या होत्या. कविता, वय एकोणीस. बहिणीच्या लग्नासाठी ड्रेस शिवायचा होता.

मी टेप घेतली आणि सवयीने म्हणाले, "हात वर कर बेटा." ती नुसती हसली. हात खांद्यातून हललाच नाही.

"आपा, तिच्या मांसाचं हाड होऊन राह्यलं," कमलाबाई म्हणाल्या. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

लहानपणी पाठीवर गाठ आली. कमलाबाईंनी महिनाभर तेल लावून चोळली. मग कुठेतरी ऑपरेशन केलं, तर तिथे आणखीच हाड वाढलं. शेवटी नागपूरला एका डॉक्टरांनी आधी तिच्या पायाचा अंगठा पाहिला... जन्मापासून वाकडा. हीच त्या आजाराची खूण. फार क्वचित कुणाला होतो, बरा होत नाही. मार लागला, जोरात चोळलं, दंडात सुई टोचली, तरी तिथे हाड तयार होतं.

"मले काय मालूम होतं? बरं व्हावं म्हणून चोळलं म्या," कमलाबाई म्हणाल्या.

"याडी, बस न आता," कविता म्हणाली. याडी म्हणजे आई.

टेप न दाबता मी मापं घेतली. उंचीसाठी उभं राहा म्हटलं, तर म्हणाली, "आपा, बसूनच घ्या."

आता कंबर आखडत चालली आहे. ज्या स्थितीत धरेल, तशीच कायम राहणार. "उभी राह्यली तर जिंदगीभर भिंतीले टेकून राहा लागन. बसली तर दाराशी खुर्चीवर बसता येते. बसूनच राहाचं, म्या ठरवलं," कविता म्हणाली.

कापडाचा रंग सांगावा तसं सांगितलं तिने... मला वहीतला आकडा दिसेना.

ड्रेस दोन्ही बाजूंनी खांद्यापासून खालपर्यंत उघडा ठेवला, मऊ नाड्या लावल्या. हात उचलायलाच नको.

काल तांड्यावर नेऊन दिला. कमलाबाईंनी हळूहळू एकेक नाडी बांधली. "दुखलं का वं?"

"नाही याडी. खरंच नाही."

कमलाबाई तिथेच खाली बसल्या आणि खूप रडल्या.

कविताला विचारून, नावं बदलून लिहिते आहे. आजार थांबणार नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण काल आईचा हात लेकीच्या अंगाला लागला आणि तिला दुखलं नाही... ते बघायला मी तिथे होते, याबद्दल वरच्याचे शुक्र मानते.