मैमूनाआपांची सही

मैमूनाआपा पहिल्यांदा नजरेत भरल्या त्या जुन्या जालन्यातल्या धान्यबाजारात, स्टुलावर चढून फलकावरचा कागद फाडताना. ‘धान्य निवडणाऱ्या बायकांसाठी संडास बांधा’, एवढंच त्या फलकावर लिहिलं होतं. निवडणूक लागली म्हणून पुढाऱ्यांच्या कोनशिलांबरोबर तोही झाकून टाकला होता.

“आपा, आचारसंहिता आहे,” निवडणूक पथकातला कर्मचारी म्हणाला.

“संडास कोणत्या पक्षाचा असतो, भाऊ?”

तो हसला आणि नवा कागद डकवून गेला.

आपा या बायकांच्या संस्थेच्या सचिव. दर निवडणुकीत झाडून सगळ्या उमेदवारांना ही मागणी लेखी द्यायचा त्यांचा शिरस्ता होता. या खेपेला अध्यक्ष भावनाताई घाबरल्या.

“संस्थेच्या नावानं काही नको, आपा. नोंदणी गेली तर शिवणवर्ग बंद पडंल.”

“मतं कुठं मागून राह्यले मी? सगळ्यांना एकच कागद देते.”

“ते बराबर आहे. पण चौकशी लागली, मंग?”

रागावल्या की आपांचा आवाज उलट खाली येई. “आत्ता बोलायचं न्हाई म्हणता. निकालानंतर आपलं ऐकतं कोण?” एवढं बोलून त्यांनी तिथंच राजीनामा लिहिला.

आता आपा संस्थेत नाहीत. बाजारात गहू निवडतात आणि उमेदवार आला, की मागणीचा कागद स्वतःच्या सहीनं त्याच्या हातात देतात.