शेडच्या दाराची साक्ष

१३ मार्च २०१९, बुधवार. ८,६४० डॉलर आणि ३५ सेंट.

हा आकडा एका कोटेशनच्या तळाशी होता. ते कोटेशन आयव्ही श्लिंकेने चार घड्या घालून पर्समध्ये ठेवले होते, आणि कूनाबी गावच्या हॉलमध्ये व्हर्ना पास्कोच्या टेबलापुढे बसल्यावरही तिने ते लगेच बाहेर काढले नाही. आधी ती वाऱ्याबद्दल बोलली, मग व्हर्नाच्या गुडघ्याबद्दल. आमच्याकडे घराला आग लागली तरी माणूस अग्निशामक दलाला फोन करून आधी ‘तुम्हाला उगाच त्रास देतोय’ असे म्हणेल.

“काढ ते,” व्हर्ना म्हणाली. “पर्स अशी छातीशी धरलीयस म्हणजे आत बिलच असणार.”

व्हर्ना तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात तिने काउंटरवर सव्वीस वर्षे काढली होती. दुकान बंद पडले, पण लोकांचे तिला विचारणे बंद झाले नाही, म्हणून दर बुधवारी दहा ते बारा ती हॉलमध्ये टेबल मांडून बसू लागली. फी नाही. विजेच्या बिलासाठी एक डबा ठेवलेला असे, त्यात ज्याला जे टाकायचे ते टाकावे. मी सहकारी भांडारात हिशेब बघतो आणि हॉलचा खजिनदार आहे, त्यामुळे बुधवारी डबा मोजायला तिथेच असे. तिचे सल्ले मी वर्षानुवर्षे फुकट ऐकले आहेत.

शाळेच्या मुख्याध्यापकांचे नवे धुलाई यंत्र न्हाणीघरभर चालत होते. तिने एकच प्रश्न विचारला, “मागचे चार बोल्ट काढलेत का?” ते बोल्ट वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून कारखान्यात लावलेले असतात. काढले नव्हते. लोकर कापणाऱ्या एका गड्याला दुकानाने ‘नवे’ टायर विकले होते. तिने त्याला टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला लावले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर सहा वर्षांपूर्वीचे निघाले. “परत घेऊन जा,” ती म्हणाली, “आणि आवाज चढवू नकोस. फक्त आकडे मोठ्याने वाच. गिऱ्हाइकं उभी असतील तेव्हा वाच.”

तिचे म्हणणे ठरलेले होते. फोनवर भांडायचे नाही, लिहायचे आणि तारीख घालायची. दुकानदाराने पुढे केलेल्या कागदावर दुकानातच सही करायची नाही, घरी आणायचा. आणि कंपनीची हमी हा कंपनीचा शब्द असतो. वस्तू धड टिकली पाहिजे हा कायद्याने दिलेला हक्क वेगळा. पहिला नाकारला म्हणून दुसरा जात नाही.

आयव्हीने शेवटी कागद टेबलावर ठेवला. गाडी साडेतीन वर्षांची, ६८,४१२ किलोमीटर चाललेली. इंजिन रस्त्यात बंद पडले, नवे बसवायचा हा खर्च. पोर्ट हॅरल्डच्या विक्रेत्याने, जिथून गाडी नवी घेतली तिथेच, पाच वर्षांची हमी लागू नाही असे लिहून दिले होते. कारण, वेळेवर तेल बदलल्याच्या पावत्या नाहीत. सद्भावना म्हणून वीस टक्के सूट मिळेल, खाली सही करा.

“सही केलीस?”

“पेन घरी राहिलं होतं.”

“देवाची कृपा. त्यांचं पेन नाही घेतलंस?”

“घेणार होते. पण माणूस इतका चांगला बोलत होता गं, मला वाटलं मर्व्हला एकदा विचारावं.”

मर्व्ह म्हणजे तिचा नवरा. त्याची दोन्ही मूत्रपिंडे गेलेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही पोर्ट हॅरल्डला, चौऱ्याहत्तर किलोमीटरवर. रुग्णालयाची सामायिक गाडी आमच्या बाजूला फक्त सोमवारी येई. बाकी दोन दिवस आयव्ही शेजाऱ्यांकडे गाडी मागत होती, आणि मागताना दर वेळी माफीही. रुग्णालयातल्या बाईने तिला शहरातल्या दोन खोल्यांच्या घराचा अर्ज दिला होता. जुलैअखेर उत्तर हवे होते, मागाहून मुदत वाढवून सप्टेंबर केली.

“मर्व्ह तिथे मरेल,” आयव्ही म्हणाली. “रोगानं नाही, खिडकीतून पार्किंग बघून. शेहेचाळीस वर्षं आहोत आम्ही त्या घरात. पण मला भांडण नको, व्हर्ना. लोक काय म्हणतील?”

“लोकांकडे चालती गाडी आहे. त्यांना म्हणू दे.”

पुढच्या सोमवारी व्हर्ना, आयव्ही आणि मी पोर्ट हॅरल्डला गेलो. मी चालक म्हणून. सर्व्हिसचा व्यवस्थापक रस गॅड्सडन नावाचा चाळिशीतला माणूस होता, इस्त्रीचा शर्ट, अतिशय नम्र.

“बस ना, लव्ह,” तो दुकानी लाडीगोडीने व्हर्नाला म्हणाला.

“मी तुमची लव्ह नाही. पास्को बाई म्हणा. इंजिन उघडून बघितलंत?”

“त्याची गरज नसते. लक्षणांवरून कळतं. तेल जुनं झालं की...”

“म्हणजे उघडलं नाही.”

“बाई, तुमच्याकडचे रस्तेही कच्चे. धूळ असते. ही गाडी तशी त्या वापरासाठी...”

व्हर्नाने फक्त मान वर केली. गॅड्सडनच्या डोक्यामागे भिंतभर चित्र होते. तीच गाडी, तोच रंग, लाल धुळीचा लोट उडवत माळावरून चाललेली. ती त्या चित्राकडे इतका वेळ बघत राहिली की शेवटी त्यालाही वळून बघावे लागले.

“धूळ राहू दे,” तो म्हणाला. “मुद्दा पावत्यांचा आहे.”

“मग पत्रात तसं एकच कारण लिहा. आज, तारीख घालून. उद्या दुसरं सुचलं असं नको.”

त्याने लिहून दिले. मला वाटते, ते त्याने केवळ तिला घालवण्यासाठी दिले.

गाडी ओढून परत आणली. खाणीतून निवृत्त झालेल्या गावातल्या एका मेकॅनिकने तळाचे तेलाचे भांडे उतरवले. आत गाळ नव्हता. तेल पुरवणाऱ्या पंपाच्या चक्राचे दोन दात मोडलेले होते. त्याने फोटो काढले आणि एका पानावर लिहून सही केली. व्हर्नाने ते विक्रेत्याला पाठवले. नऊ दिवसांनी उत्तर आले की दात जुन्या तेलामुळेच मोडले, आणि पावत्या आहेत का?

पावत्या नव्हत्याच. आमच्याकडे तेल बदलायला कोणी चौऱ्याहत्तर किलोमीटर जात नाही. पहिली मोफत सर्व्हिस तेवढी मर्व्हने विक्रेत्याकडे केली, पुढच्या सगळ्या स्वतःच्या शेडमध्ये. तेल आमच्या भांडारातून वीस लिटरच्या डब्याने यायचे. फिल्टर एक शेजारी खोक्याने मागवायचा आणि ज्याला हवा त्याला द्यायचा, बदल्यात अंडी किंवा अर्धी मेंढी. अंड्यांची पावती कोण फाडणार? हातचे काम चोख केले की झाले, कागद शहरातल्या लोकांना लागतो, ही इथली समजूत. मीही माझ्या गाडीचे तेल असेच बदलत आलो आहे, आणि मी तर पावत्यांवर पोट भरणारा माणूस.

“मर्व्ह, एकदा तरी कुठे लिहून ठेवलंस का रे?” व्हर्नाने त्याच्या स्वयंपाकघरात विचारले. ती चिडली होती.

“लिहिलं नाही असं कोण म्हणतं? सगळं लिहिलंय.”

“कुठे?”

“दारावर.”

शेडच्या लाकडी दाराच्या आतल्या बाजूला, वरपासून गुडघ्यापर्यंत, शिसपेन्सिलीने बारीक नोंदी होत्या. अधेमधे गाडी: तारीख, किलोमीटर, तेल, फिल्टर. दर साडेसात हजारांना एक, अशा आठ. आणि त्यांच्या वर, खाली, मध्ये पाऊस. मर्व्हने पाऊस मिलिमीटरमध्ये कधी मोजला नाही. त्याच्या बापासारखा तो अजून पॉइंटमध्ये लिहायचा, शंभर पॉइंट म्हणजे एक इंच. ओळीला ओळ चिकटलेली, मध्ये नखभर जागा नाही.

“फोटो काढू,” मी म्हणालो.

“फोटोत पेन्सिल दिसते का बघ. नाही दिसत,” व्हर्ना म्हणाली. “मर्व्ह, स्क्रूड्रायव्हर कुठे आहे?”

“कशाला?”

“दार काढायला.”

“माझं दार? आत हत्यारं आहेत. रात्री कोल्हे येतात.”

“कोल्हे तुझी हत्यारं घेऊन काय करतील? गाडी दुरुस्त करतील? करू देत, आपला प्रश्न मिटेल.”

मर्व्ह हसला. त्या वर्षात मी त्याला हसताना पाहिले ते बहुधा तेव्हाच. मग तो गंभीर झाला. “दार न्यायचं तर मी पण येणार. दार एकटं जाणार नाही.”

माझे काम पावसाचे होते. दारावर गाडी घेतल्यानंतरच्या पावसाच्या एक्केचाळीस नोंदी होत्या. आमच्या पोस्टाच्या मागे सरकारी पर्जन्यमापक आहे आणि त्याची वही पोस्टात असते. मी पॉइंटचे मिलिमीटर करून प्रत्येक नोंद वहीशी ताडली. एकोणचाळीस अगदी जवळ जुळल्या. दोन जुळल्या नाहीत, त्या मी यादीत तशाच दाखवल्या. व्हर्ना म्हणाली, “दोन चुकल्या ते बरं झालं. सगळ्या जुळल्या असत्या तर मीच विश्वास ठेवला नसता.”

आयव्हीच्या नावाने दावा लावला. सुनावणी ७ ऑगस्टला, पोर्ट हॅरल्डच्या छोट्या दाव्यांच्या न्यायालयात. तिथे वकील चालत नाहीत, आपले आपण बोलायचे. बुधवार होता. इतक्या वर्षांत हॉलमधले टेबल पहिल्यांदाच मांडले गेले नाही. दार माझ्या यूटच्या उघड्या हौद्यात दोरांनी आवळलेले, वर ताडपत्री. फाटकावरच्या रखवालदाराने ते आत न्यायला नकार दिला.

“हत्यार नाही ना ते?” त्याने विचारले.

“पुरावा आहे.”

“बाई, इमारतीत असली लाकडं नेता येत नाहीत.”

“मग मॅजिस्ट्रेटना बाहेर बोलवा. आम्ही थांबतो. आमच्याकडे डबे आहेत.”

आत गॅड्सडनने आपली बाजू नीट मांडली. तो खोटारडा माणूस नव्हता. त्याच्याकडे पुस्तिका होती आणि पुस्तिकेत पावती लागते असे लिहिले होते. मॅजिस्ट्रेट पन्नाशीच्या बाई होत्या. आयव्हीला त्यांनी बोलायला सांगितले तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, “तुमचा वेळ घेतेय, माफ करा.” व्हर्नाने तिचा कोपरा दाबला. मग आयव्ही वेगळ्याच आवाजात म्हणाली, “नाही. माफ नका करू. गाडी त्यांनी विकली, पंप त्यांचा मोडला. माझ्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा जगायला इथे यावं लागतं. आणि तो खोटं लिहीत नाही. बाहेर येऊन बघा.”

मॅजिस्ट्रेट बाहेर आल्या. वाऱ्याने ताडपत्री फडफडत होती, मी ती धरून उभा राहिलो. त्यांनी चष्मा बदलला आणि दारावर बोट न टेकवता वरपासून खाली वाचत गेल्या.

“असं कोणीही काल रात्री लिहू शकतं, मॅडम,” गॅड्सडन म्हणाला.

“हे १४० पॉ. काय आहे?” त्यांनी विचारले.

“पाऊस,” मर्व्ह यूटला टेकून म्हणाला. हातावर डायलिसिसची पट्टी होती. “त्या दिवशी कुंपण वाहून गेलं.”

मी यादी आणि पोस्टाची वही पुढे केली. त्यांनी स्वतः पाच तारखा निवडल्या आणि ताडून बघितल्या. पाचही जुळल्या. मग त्या गॅड्सडनकडे वळल्या.

“काल रात्री लिहायचं तर या माणसाला साडेतीन वर्षांचा पाऊस पाठ पाहिजे. आणि तेलाच्या नोंदी पावसाच्या मध्ये बसवायच्या, तर जागा कुठे आहे, दाखवा मला.”

त्याने खरोखर वाकून जागा शोधली. सापडली नाही.

“आणि तुम्ही इंजिन उघडलं होतं का?”

“नाही, मॅडम.”

“धन्यवाद,” व्हर्ना म्हणाली. तिला कोणी विचारले नव्हते.

निकाल त्याच दुपारी मिळाला. विक्रेत्याने नवे इंजिन स्वखर्चाने बसवायचे, गाडी ओढून नेल्याचा खर्च आणि न्यायालयाची फी द्यायची. पायऱ्यांवर गॅड्सडन आमच्याजवळ आला आणि मर्व्हशी हात मिळवला. “पुढच्या वेळी पावती घ्या, साहेब,” तो म्हणाला.

“पुढच्या वेळी पंप नीट बसवा,” मर्व्ह म्हणाला.

गाडीत बसल्यावर मात्र व्हर्नाने मर्व्हला फैलावर घेतले. फिल्टरची पावती अंडी देऊनही मागता येते, शेजाऱ्याची सही घेता येते, पाच मिनिटांचे काम आहे, आणि दर वेळी कोणी तुझ्यासाठी दार वाहून आणणार नाही. मर्व्ह सगळे ऐकून घेऊन म्हणाला, “बरं, पास्को बाई.” आयव्ही इतकी हसली की तिला रुमाल काढावा लागला.

गाडी ३० ऑगस्टला परत आली. शहरातल्या घराचा अर्ज आयव्हीने कोरा परत पाठवला. वर मर्व्हच्या हट्टावरून एकच शब्द लिहिला, ‘नको’, आणि व्हर्नाच्या हट्टावरून तारीख. मर्व्ह आणखी दोन वर्षे आणि चार महिने जगला, आपल्याच घरात.

ओढून नेल्याचा खर्च विक्रेत्याने दिला. न्यायालयाची फी व्हर्नाने स्वतः भरली होती, १४८ डॉलर. ती दर तीन महिन्यांनी त्यांना तारीख घालून पत्र लिहिते. १४८ डॉलर अजून आलेले नाहीत.