धनसिंगच्या नावाचं पाणी

लोक सोनंनाणं जमवतात, आमच्या ह्यांनी लढायांत मेलेली माणसं जमवली. पितांबर पाटील, धानोऱ्याचे. जन्म शेतीत गेला, पण कापसाचा भाव विचारला तर माझ्याकडे बघणार. कुठली पलटण कुठल्या खिंडीत लढली, ते मात्र झोपेतून उठवून विचारा. पुस्तकांनी माझं धान्याचं कपाट कधीच गिळलं. कुठल्या गावचा कोण लढाईवर गेला होता असं कानावर आलं, की निघाले एसटीनं, त्या घरी जाऊन बसले. मी फार चिडायची. पोरीच्या लग्नाचं साल आठवत नाही, आणि पहिल्या महायुद्धात बसऱ्याला मेलेल्याचं नाव तोंडपाठ!

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात, वर खरबूज न् सांजोरी ठेवतात आणि निखाऱ्यावर घास टाकून एकेकाचं नाव घेतात. ते पाणी त्यांना पोचतं म्हणतात. ह्यांनी शेजारी दुसरी घागर मांडायला सुरुवात केली. ज्या शिपायांच्या मागं नाव घेणारं कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठी.

त्यात एक नाव मात्र चोरून घ्यायचे. शेजारच्या दगूआक्काच्या भावाचं, धनसिंगचं. एकाहत्तरच्या लढाईत गेला तो आलाच नाही. बेपत्ता, एवढंच घरी कळलं. हे तेव्हा शाळकरी, सुट्टीवर आलेल्या धनसिंगच्या मागं मागं फिरायचे. वेड लागलं ते तिथूनच. आक्का विधवा होऊन माहेरी आली आणि भावाची वाट बघत राहिली. त्याची घागर तिनं कधी भरू दिली नाही. जित्त्या माणसाची घागर भरायची, म्हणजे त्याला आपल्या हातानं मारायचंच की.

पुढं विसरवाडीला ह्यांना धनसिंगच्या पलटणीतला एक म्हातारा भेटला. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. राजस्थानच्या वाळूत गोळी लागून पडला, पाणी मागत गेला. त्या दिवशी हे जेवले नाहीत. आक्काला सांगायला कितीदा गेले आणि नुसता चहा पिऊन परत आले. त्याच वर्षापासून धनसिंगच्या नावानं पाणी द्यायला लागले.

यंदाच्या आखाजीला घोटाळा झाला. ह्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळं पुटपुटायचं नाव चांगलं मोठ्यानं निघालं. आणि दारात आक्का, हातात सांजोऱ्यांचं ताट.

"मन्हा भाऊले तू मारी टाकं, पितांबर?"

आक्का ताट ठेवून तिथंच बसली. मग ह्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "खरं सांग. तो येई का नही?"

"येवाव नही, आक्का."

पाणी मागत गेला, एवढं ह्यांनी पोटातच ठेवलं. मला वाटलं, आता ही शिव्याशाप देणार. ती घागरीकडे बघत होती.

"मंग इतला वरीस तो पानीबिगर ऱ्हायना?"

"नही, आक्का. मी दिधं ना पानी. एक वरीस बी चुकनं नही."

आक्कानं ह्यांचा हात धरला आणि भावाच्या नावानं गळा काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.