पोरांना भूत दाखवण्याचा उद्योग

जुने भुताचे सिनेमे पाहून हल्लीची मुलं घाबरत नाहीत. घरमालक घाबरतात.

माझी मुलगी मीनल आणि जावेचा मुलगा तेजस, दोघंही पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीत. मोबाईलवर काहीतरी रक्तबंबाळ बघत जेवतात. (वरणभात!) मी दिवसभर शाळेत घसा कोरडा करून सप्तापूरच्या घरी येते, तर समोर हे. एकदा न राहवून म्हणाले, "ह्यात कसली आलीय भीती? आमच्या वेळचे सिनेमे बघा. नुसतं दार करकरलं तरी पोटात गोळा यायचा!"

"लाव की मग," तेजस म्हणाला.

झालं! रविवारची दुपारची झोप गेली. नवऱ्याने तेवढ्यात हुबळीत महत्त्वाचं काम काढलं. मी खिडक्यांना चादरी लावल्या, चुरमुऱ्यांचं गिरमिट कालवलं आणि लहानपणी ज्याने माझी झोप उडवली होती तो काळापांढरा सिनेमा लावला.

पडद्यावर विहिरीतून हात वर आला. मी उशी आवळली. मीनल खिदळली.

"आई, रबरी हातमोजा आहे तो! मनगटाशी दिसतोय बघ."

"आणि ह्या भुताने लिपस्टिक लावलीय," तेजस म्हणाला. "काकू, मिरची दे ना इकडे."

मी मिरची दिली. मग पडद्यावरचं दार करकरलं आणि मी उठलेच. "चहाचं बघते," म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. (चहा बाथरूममध्ये होत नाही, हे मलाही कळतं!)

पाच मिनिटं शांत बसले. बाहेर यायला गेले, तर कडी अडकली. ओढली, ठोकली, शेवटी तिला हात जोडले. मग दार बडवत ओरडले, "मीनल! दार उघड गं!"

बाहेरून टाळ्या!

"आई, मस्त! पण जरा ओव्हर होतंय."

"अगं, खरंच अडकलेय!"

"काकू, थांब, वातावरण करतो," म्हणत तेजसने बाहेरचं बटण दाबून दिवा घालवला.

आता मी अंधारात, बाहेर पोरं हसतायत आणि सिनेमातली बाई किंचाळतेय. मीही किंचाळू लागले. आमचे सूर इतके जुळले, की कुठली कोण हे मलाच कळेना.

ते ऐकलं खाली राहणाऱ्या बसण्णांनी, म्हणजे आमच्या घरमालकांनी. ते अंगणात आरसा टांगून दाढी करत होते. "एनात्री, बाई? काय झालं?" असं ओरडत त्यांनी शिडी लावली आणि वरच्या झरोक्यातून आत डोकावले.

मी मान वर केली. अर्धा चेहरा पांढराफटक, अर्धा नाहीच!

मी जी किंकाळी फोडली, तशी त्या सिनेमातल्या बाईला जन्मात जमली नसती. ती ऐकून बसण्णाही किंचाळले. शिडी डगमगली. खालून त्यांची बायको शांतक्का "अय्यो, बिद्रल्लरी! पडले हो!" म्हणून ओरडली. (पडले नव्हते. झरोक्याला लोंबकळत होते.)

ह्यावेळी मात्र बाहेरचं हसणं थांबलं.

"आई?" मीनलचा आवाज बारीक झाला होता. "आई, बोल ना! तेजस, हे खरं आहे रे!"

"मी आहे गं," मी म्हणाले, पण घशातून नुसती हवा आली. मीनल रडायलाच लागली. दोघांनी मिळून दाराला खांदा लावला, कडी उखडली आणि दोघंही माझ्या अंगावर कोसळली. मीनलने मला इतकं घट्ट धरलं, की मला क्षणभर बरंच वाटलं. किती दिवसांनी पोरीने मोबाईल सोडून मला धरलं होतं!

तेजसने धावत जाऊन शिडी सरळ केली. बसण्णा खाली उतरले, साबण पुसला आणि शांतपणे म्हणाले, "बाई, पोरांना क्रिकेट दाखवा की."

संध्याकाळी मीनल जवळ येऊन बसली. "आई, राहिलेला सिनेमा बघूया. भीती वाटली तर मी हात धरते."

"नको गं," मी म्हणाले. "मला उत्तरपत्रिका तपासायच्यात."

परीक्षा पुढच्या महिन्यात होती. मीनलने उठून बाथरूमचा दिवा लावून दिला.