बसस्टॉप नसलेलं गाव

आज ओरेगानोची बरणी उघडली आणि ग्रीक बेटावरची ती दुपार आठवली. डोंगरउतारावरच्या पांढऱ्या गल्लीत आम्ही शेळ्यांच्या घंटा ऐकत रेंगाळलो होतो. "अहो, ही कुठंय?" बायको किंचाळली. पाच वर्षांची लेक गायब! हरवलीस तर बसस्टॉपवर जाऊन थांब, हे जर्मनीत, आमच्या वोल्फ्सबुर्ग गावी, मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पण या गावात बसच येत नव्हती. स्टॉप शोधत ती चालतच राहील, थेट खाली समुद्रापर्यंत, या विचाराने मी उतारावरून धावत सुटलो. शेवटी एका अंगणात सापडली. ओरेगानो वाळत घालणाऱ्या आजीबाईंनी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. "इथे बसस्टॉपच नाहीये!" ती जर्मनमध्ये हुंदके देत म्हणाली. आता ती मोठी झालीय, येना शहरात विद्यापीठात शिकते. आमच्या कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवरून जाताना मी अजूनही तिथल्या बाकाकडे एकदा बघून घेतो.