पुठ्ठ्याचा व्हर्नियर

मी रागीट माणूस आहे, हे आमच्या आयटीआयमधल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात कळतं. पण त्या दिवशी जितका भडकलो तितका आयुष्यात कधी भडकलो नव्हतो. अजून ते सांगायला बसलो की कानशिलं तापतात.

मेहकर तालुक्यातल्या एका खासगी आयटीआयमध्ये मी तासिकेवर शिकवतो. विषय वर्कशॉप कॅल्क्युलेशन, म्हणजे कारागिराला लागणारं गणित. मी मूळचा संग्रामपूरकडचा, बी.एस्सी. गणितवाला. वर्कशॉपचं तोंड मी नोकरी लागल्यावरच पाहिलं. मोटर मेकॅनिकच्या वर्गाला टक्केवारी, गुणोत्तर, सिलिंडरचं घनफळ असं सगळं शिकवायचो, आणि चांगलं शिकवायचो. सायकलच्या दात्यांवरून गिअरचं गणित असं समजवायचो, की शेवटच्या बाकावर पेंगणाराही मान वर करायचा. या गोष्टीची मला घमेंड होती, खोटं कशाला बोलू?

वर्कशॉपमध्ये काचेचं एक कपाट होतं. त्यात मोजमापाची साधनं तेलकट कागदात गुंडाळून, नंबर चिकटवून मांडलेली. मायक्रोमीटर, डायल गेज आणि सहा व्हर्नियर कॅलिपर. व्हर्नियर म्हणजे लोखंडी जबड्यांची मोजपट्टी. जबड्यात वस्तू धरायची, सरकती पट्टी मोठ्या पट्टीवर कुठे येते ते पाहायचं आणि मिलिमीटरचाही पन्नासावा भाग वाचायचा. तपासणीची समिती आली की कपाट उघडायचं, चहा-बिस्किटं व्हायची, समिती गेली की कुलूप. प्रात्यक्षिक शिकवणारे निदेशक मी लागलो त्याच वर्षी चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेले होते, त्यांची खुर्ची तशीच रिकामी. परीक्षा कॉम्प्युटरवर, चारातला एक पर्याय निवडायचा. तिला कपाटाची गरजच नव्हती.

मग मी काय केलं? लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे आणायला लावले आणि प्रत्येकाकडून पुठ्ठ्याचा व्हर्नियर करून घेतला. एक मोठी पट्टी, एक छोटी सरकती. छोटीवर टोकापासून रेघा आखायच्या, पहिली रेघ म्हणजे शून्य. मुलं हौसेने करायची. प्राचार्यांनी त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकले, खाली दहा-बारा अंगठे आले. मी दोन दिवस हवेत होतो.

सगळ्यांत नेटका पुठ्ठा होता वर्गातल्या एकुलत्या एक मुलीचा. तिचे वडील डोणगावात ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करतात. गळती कुठे आहे ते ते नुसता हात फिरवून सांगतात, पट्टी कधी हातात धरत नाहीत. मुलीला मात्र मापाचं वेड. पुठ्ठ्यावर तिने रेघा इतक्या बारीक ओढल्या होत्या, की मला चष्मा पुसावा लागला. एकदा तिचे वडील फी भरायला आले तेव्हा माझ्याशी बोलले होते. "सर, पोट्ट्यांचं काई नाई, नापास झाले तरी कोनत्याबी गॅरेजवर बसतीन. हिले कोन ठेवनार? कंपनीत लागली तर पाठवतो, तिची खाला, म्हंजे मावशी, राह्यते तिकडं. नाई तं दोन वर्षं वाया." मी म्हटलं होतं, "लागेल. मी आहे ना."

मी आहे ना! हे शब्द मी किती सहज बोलून गेलो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी संभाजीनगरकडच्या एका कंपनीचे साहेब अप्रेंटिस निवडायला आले. मुलं चौदा. त्यांनी बॅगेतून स्वतःचा व्हर्नियर आणि चकचकीत शाफ्टचा, म्हणजे लोखंडी दांड्याचा, एक तुकडा काढला. एकेकाने आत जायचं, तुकडा मोजायचा, कागदावर आकडा लिहून बाहेर यायचं. हजेरीत ती पहिली, म्हणून पहिली आत गेली. बाहेर आली ती हसतच. "सर, सोपं होतं. आपल्या पुठ्ठ्यावानीच हाय."

तासाभराने साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर चौदा कागद पसरलेले. तीन बाजूला सारलेले, अकरा एका रांगेत. त्या अकराही कागदांवर एकच आकडा होता, २२.३६.

"सर, हे काय आहे?" ते म्हणाले. "अकरा जणांचं उत्तर एकच, आणि तेही चुकीचं. बरोबर उत्तर एकसारखं येतं. चुकीचं उत्तर एकसारखं येत नाही. पहिल्या मुलीने बाहेर जाऊन आकडा फोडला, बाकीच्यांनी उतरवला. कॉपी करणारी मुलं मी घेत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी व्हरांड्यात तासभर उभा होतो, आकड्याबद्दल कोणी कोणाशी चकार शब्द बोललं नव्हतं. मी तिला आत बोलावलं. "मी कोनालेच नाई सांगतलं सर," ती म्हणाली. "अल्ला कसम, कोनालेच नाई."

मग मी जे तोंड सोडलं, ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. खेड्यातली मुलं दिसली की तुम्हाला आधी चोरी दिसते, म्हणालो. आमच्या मुलांची भाषा ऐकून तुम्ही मनात नाकं मुरडता, म्हणालो. शेवटी मी टेबलावरचा व्हर्नियर उचलला. "थांबा. तुमचाच आकडा चुकलाय. मी मोजून दाखवतो."

जबड्यात शाफ्ट धरला. सरकत्या पट्टीचं टोक मोठ्या पट्टीवर बावीसच्या पुढे होतं. छोटीची अठरावी रेघ मोठीवरच्या रेघेशी जुळत होती, अठरा पन्नासांश म्हणजे दशांश छत्तीस. "बावीस दशांश छत्तीस!" मी ओरडलोच. "बघा!"

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "सर, शून्य कुठे आहे?"

मी पाहिलं. सरकत्या पट्टीचं टोक एकीकडे होतं आणि शून्याची रेघ टोकापासून चांगली दोन मिलिमीटर आत होती. खऱ्या व्हर्नियरला टोकावर शून्य नसतं. वाचायचं ते शून्यापासून, टोकापासून नाही. शून्य चोवीसच्या पुढे होतं. माप २४.३६. मी तीन वर्षं मुलांना टोकापासून वाचायला शिकवलं होतं, कारण पुठ्ठ्यावर मीच टोकाला शून्य आखायला लावलं होतं. आणि मी तसं केलं, कारण त्या दिवसापर्यंत खरा व्हर्नियर मी स्वतः कधी हातात धरलाच नव्हता.

ती शेजारी उभी राहून सगळं पाहत होती.

"कॉपी नाही, हे मला पटलं," साहेब म्हणाले. तिच्याकडे वळून "सॉरी, बेटा" असंही म्हणाले. "पण इंजिनच्या कामात दोन मिलिमीटर फार होतात. आज मी फक्त बरोबर माप आलेलीच मुलं घेऊ शकतो." त्यांनी बाजूला सारलेले तीन कागद उचलले. ते तिघं सुट्टीत लेथच्या दुकानात बसून खरा व्हर्नियर हाताळलेले मुलगे होते. गॅरेज ज्यांना कसंही ठेवून घेणार होतं, नेमके तेच. मी पुन्हा एकदा मोजू द्या म्हणून विनवलं. मघाशी ज्याला नको नको ते बोललो त्याच्यापुढे हात जोडले. त्यांनी घड्याळ दाखवलं, त्यांना पुढच्या आयटीआयला पोचायचं होतं.

मी तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये घुसलो. साधनं काय पूजेला ठेवलीत का, म्हणालो. अकरा मुलांचं वाटोळं केलंत तुम्ही, म्हणालो. त्यांनी ड्रॉवर उघडून किल्ली टेबलावर टाकली.

"काऊन एवढे तापून राह्यले सर? हे घ्या. तीन वर्षांत तुम्ही कधी मागितली का?"

त्या माणसाचा मला आजही संताप येतो. निदेशकाची जागा त्याने भरली नाही, कपाट त्याने दाखवायला ठेवलं, हे खरंच आहे. पण त्याचाही प्रश्न खरा होता. मी किल्ली मागितली नव्हती. का नाही, हेही मला तिथल्या तिथे कळलं. मागितली असती तर वर्गासमोर ते साधन मला हाताळावं लागलं असतं, आणि मला ते येत नव्हतं. मुलांना मी ओरडून ओरडून विचारायचो, येत नाही तर विचारत का नाही रे? आणि मी स्वतः लाजेपायी तीन वर्षं पुठ्ठे कापत बसलो.

कपाट उघडून सहाही व्हर्नियर मी वर्गात नेले. मुलं सुतक असल्यासारखी बसली होती. मी सांगितलं, की तुमचं काही चुकलं नाही, मी चुकीचं शिकवलं. मला स्वतःला हे येत नव्हतं.

मग ती उठली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, चिडली होती. बरंच झालं. तिने समजूत घातली असती तर मला ते सोसलं नसतं.

"हे इथंच होतं ना सर? मंग आमच्या हातात काऊन नाई देलं?"

मी नुसता व्हर्नियर पुढे केला. तिने तो माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. बाकावर पडलेला एक जुना बोल्ट जबड्यात धरला, पट्टी उजेडाकडे केली, बोटाने शून्याची रेघ शोधली आणि आकडा सांगितला. मी तपासला. बरोबर होता. दुसरा बोल्ट घेतला, तोही बरोबर. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

मी वर्गाबाहेर आलो तर व्हरांड्यात तिचे वडील बसले होते. निवडीचा दिवस म्हणून दुकान बंद करून, धुतलेला कुर्ता घालून. मला पाहून ते उभे राहिले. "काय झालं सर, लागली का आमची पोरगी?"