दीड मिनिट तेल

मुलीला मुलगा झाला आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात सगळ्यांत जास्त घाबरलो तो मी. अंघोळीच्या पाण्यात तीन-तीनदा कोपर बुडवून बघायचो. बायको म्हणायची, आपली पोरं वाढली तेव्हा हे कोपर कुठं होतं? तेव्हा मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो.

बाळाला तेल लावायला गडमुडशिंगीहून एक मावशी यायच्या. तेल कोमट करून देणं बायकोचं काम. बाळ पंधरा दिवसांचं असताना ती तापानं पडली आणि ते माझ्यावर आलं. एवढीशी कातडी, भाजली तर? चूक नको म्हणून त्याच वाटीत आधी पाणी घेतलं, मंद गॅसवर ठेवलं, घड्याळ बघितलं. दीड मिनिटात हवं तसं कोमट. मग वाटी पुसून तेवढंच तेल घेतलं आणि मोजून दीड मिनिट ठेवलं. वाफ नाही, बुडबुडा नाही. बोट बुडवून बघितलं नाही, कारण बाळाच्या तेलाला कुणाची बोटं लागू नयेत हा माझाच नियम होता. सांडशीनं वाटी उचलून मावशींपुढं ठेवली.

त्यांनी तेल आधी स्वतःच्या तळहातावर ओतलं आणि त्यांचा श्वास अडकला. पण मांडीवर बाळ होतं. थेंब खाली पडू नये म्हणून त्यांनी ते तेल तसंच मुठीत मिटून धरलं, मुलीनं बाळ उचलेपर्यंत. मग नळाखाली हात धरला.

पाण्याला लागते त्याच्या निम्म्या उष्णतेत तेल तेवढंच तापतं. विशिष्ट उष्माधारकता. हे न लिहिणाऱ्या पोरांचे मार्क मी तीस वर्षं कापले. दवाखान्यात चला म्हणालो, हात जोडले.

"बाळाला काय झालं न्हाई न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग गप बसा की, सर."

रात्रभर मला ती मिटलेली मूठ दिसत राहिली. त्या मुठीऐवजी बाळाची छाती असती तर, याच्या पुढं विचार जातच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, उजव्या हाताला फडकं बांधून. बायको अजून अंथरुणातच. मी जेमतेम अर्धं मिनिट तेल ठेवलं आणि वाटी पुढं केली. मावशींनी ती डाव्या हातात घेतली, पण बाळाकडं वळल्या नाहीत.

"हात पसरा, सर. आधी तुमी बघायचं."

तेल माझ्या तळहातावर पडलं. ते कोमटसुद्धा नव्हतं. तरी मी हात मागं ओढला.